हाजरा फॉलला जायचे ठरले तेव्हा

आषाढ पौर्णिमेपासून आमच्या वस्तीतल्या विहारात ग्रंथवाचन सुरू झाले. सुरुवातीच्याच एका रविवारी वाचन आटोपले, खीर वाटून झाली, सतरंज्या गुंडाळणे सुरू होते. तेवढ्यात अकरावीतली एक मुलगी आम्हाला म्हणाली, “काका, आपन दीक्षाभूमीले जातो, चैत्यभूमीले जातो, पवनीच्या स्तूपावर जातो. पन नुसता डोंगर पाहाले, पानी पाहाले आपन काहून नाही जात?”

तिने सहज विचारले. आम्हाला मात्र उत्तर सुचले नाही. आमच्या घरात मागच्या दोन पिढ्यांत कोणी धबधबा पाहायचा म्हणून उंबरठ्याबाहेर पडल्याचे ऐकिवात नाही. चालणे काय कमी झाले? वस्तीतल्या जुन्या माणसांपैकी काहींचे आईवडील १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेसाठी फडक्यात भाकरी बांधून भंडाऱ्याहून पायी नागपूरला गेले होते. साठ-बासष्ट किलोमीटरची ती वाट. उन्हाळा आला की तेंदूपानासाठी जंगल, पावसाळा लागला की दुसऱ्याच्या बांधीत रोवणी. पाय कधी थांबले नाहीत, पण ते पोटासाठी चालले, नाहीतर चळवळीसाठी चालले. पाहण्यासाठी चालणे आमच्या जमाखर्चात कोणत्या रकान्यात लिहायचे, हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

पुढच्या रविवारी विषय बैठकीत ठेवला आणि अपेक्षेप्रमाणे वादळ उठले. विहाराच्या मागच्या खोलीचा स्लॅब अजून बाकी आहे, पहिले तो टाका, असे एक म्हणणे. आमच्यातले एक जुने कार्यकर्ते तर उभेच राहिले. म्हणाले, “१९५४ मध्ये बाबासाहेब याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि याच भंडाऱ्याने त्यांना पाडलं. तेवढं फेडून झालं काय, की आता धबधबे पाहाले निघाले?” भंडारा जिल्ह्यातल्या आंबेडकरी माणसाला हे वाक्य कुठे लागते, ते इथे सांगायची गरज नाही. सगळे गप्प बसले. पण आम्हाला त्यांचे म्हणणे पटले नाही. ते ऋण मुलांना विहारात कोंडून फिटणार आहे काय? मुले मोकळ्या मनाने, न दबता, चार ठिकाणी वावरली, अनोळखी माणसांत ताठ मानेने बोलली, तर त्यात चळवळीचे काय बिघडते?

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा होता. एका उपासकांनी विचारले, “वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे. आणि तुम्ही वर्षावासातच लोकांना फिरवायला नेता?” हा नियम भिक्खूंसाठी आहे, उपासकांसाठी नाही, एवढे उत्तर देऊन सुटता आले असते. पण नियम का झाला ते त्याच दिवशी सांगितलेले बरे, असे आम्हाला वाटले. पावसाळ्यात भिक्खू गावोगाव फिरत, तेव्हा कोवळे अंकुर पायांखाली चिरडले जातात, लहानसहान जीव मरतात, अशी लोकांची तक्रार तथागतांच्या कानावर गेली. म्हणून त्यांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. म्हणजे मुद्दा अंकुरांचा आहे. आपण गेलो तर पायवाट सोडून चालायचे नाही, रोपटे उपटायचे नाही, कुठेही प्लास्टिक टाकायचे नाही. वर्षावासाचा अर्थ मुलांना यापेक्षा चांगला कुठे शिकवता येईल? शिवाय आपले भिक्खू तरी राहात कुठे होते? अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या वळणावर, उभ्या कड्याच्या पोटात कोरलेली आहेत आणि त्या दरीच्या तोंडाशी सप्तकुंडाचा धबधबा पडतो. पावसाळा काढायला कडा आणि पाणी यांच्याजवळची जागा निवडणारे लोक रुक्ष होते असे कोण म्हणेल?

तरीही मत पडले ते आमच्या भाषणाने नाही. ऐंशीच्या घरातल्या एक आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी उन्हाळ्यात तेंदूपाने तोडली आणि उरलेले दिवस विड्या वळल्या. सत्तर पानांचा एक पुडका, असे शंभर पुडके बांधले की शेकडा. ते गणित त्यांच्या बोटांत अजून आहे. त्या म्हणाल्या, “मी पंचवीस-तीस उन्हाळे जंगलात काढले बाप्पा. पन झाड वरतून कसं दिसते ते मी पाह्यलंच नाही. मले पानच दिसे. लेकरायले झाड दाखवा.”

सहल ठरली.

आता कुठे जायचे? पवनी पहिल्यांदाच बाद झाली, कारण तिथे आम्ही दरवर्षी जातो. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात निघालेला स्तूप आमच्या मुलांना पाठ आहे. कोणी तुमसरकडच्या आंबागड-गायमुखाचे नाव सुचवले. डोंगर, झरा, किल्ला, सगळे एका ठिकाणी. आणि १७०० च्या सुमाराचा, देवगडच्या बख्त बुलंदच्या काळातला तो किल्ला पाहण्यासारखा आहे यात शंकाच नाही. पण गायमुखाला महादेवाचे देऊळ आहे, महाशिवरात्रीला यात्रा भरते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांनी तिथे जावे काय, यावर अर्धा तास गेला. आमचे स्वतःचे मत असे की, झरा कोणाच्या मालकीचा नसतो आणि हात न जोडता पाणी पाहता येते. ज्यांच्या बापजाद्यांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ मध्ये डोकी फोडून घ्यावी लागली, त्यांनी आपणहून एखादे पाणी वर्ज्य करावे हे आम्हाला कसेसेच वाटते. पण सहल भांडणाने सुरू करायची नसते. आम्ही आग्रह धरला नाही.

शेवटी नाव निघाले हाजरा फॉलचे. आमच्या पिढीला शाळेत ‘भंडारा जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळे’ या प्रश्नाच्या उत्तरात हे नाव हमखास लिहावे लागे. १ मे १९९९ ला जिल्ह्याचे विभाजन झाले, सालेकसा तालुका गोंदिया जिल्ह्यात गेला आणि हाजरा फॉलही त्याच्याबरोबर गेला. उत्तरात नाव लिहून गुण मिळवले, पण डोळ्यांनी पाहिले नाही, अशी बैठकीत बसलेल्या पन्नाशीच्या आतल्या बहुतेकांची गत. आमचीही तीच. जवळच कचारगडची गुहा आहे. दोन्ही मिळून एक दिवस भरतो.

पण अनोळखी जागी लेकरे आणि म्हातारी माणसे घेऊन एकदम जायचे नाही, असे महिला मंडळाच्या अध्यक्षांनी निक्षून सांगितले. म्हणून एका रविवारी आम्ही पाच जण आधी पाहून आलो. अध्यक्षाबाई, कॉलेजातली दोन पोरे, आम्ही आणि वस्तीतले रिटायर्ड गँगमन काका. काकांना घेण्याचे कारण म्हणजे त्यांच्या नोकरीची सहा वर्षे दरेकसाच्या आसपास रुळांवर गेली होती.

वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर पहाटेच पोहोचलो. तुमसर रोड, तिरोडा करीत गोंदिया. तिथे गाडी बदलायची. गोंदियापासून दरेकसा चाळीस किलोमीटरच्या आसपास. आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा. गाड्यांच्या वेळा आम्ही इथे मुद्दाम देत नाही. त्या बदलत असतात आणि छापलेल्या वेळेवर विसंबून कोणाची परतीची गाडी चुकली तर दोष आमच्यावर यायचा. निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारावे आणि परतीची शेवटची गाडी कोणती ते कागदावर लिहून घ्यावे. शेवटच्या गाडीच्या आधीच्या गाडीने परतायचे ठरवावे. शेवटची गाडी संकटासाठी राखून ठेवावी.

सालेकसा सोडले की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येऊ लागतात. आमच्याकडे धानाच्या बांध्या, तलाव आणि सपाट जमीन पाहायची सवय. इथे खिडकीला एकदम हिरवी भिंत लागते. काकांनी कॉलेजच्या पोरांना समजावले की हे डोंगर सह्याद्रीसारख्या लाव्ह्याचे नाहीत. दख्खनचा काळा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, इथला खडक त्याहून कितीतरी पुराणा. काकांना हे कोणी सांगितले असेल याचे आम्हाला नवल वाटले. ते म्हणाले, “खडक फोडला का समजते. सब्बल मारली का तो आवाजच दुसरा.” आम्ही घरी येऊन पुस्तकात पाहिले. काका बरोबर होते.

याच डोंगरांतून पुढे बोरतलावकडे लाइन बोगद्यातून जाते. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी ही लाइन आधी अरुंद होती. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने ती ताब्यात घेऊन रुंद केली. कंपनीचे नाव पुस्तकात सापडते. सुरुंग ठासणाऱ्यांची आणि दगड वाहणाऱ्यांची नावे कुठे सापडणार? काका बोगद्याच्या दिशेने बराच वेळ पाहात राहिले. मग पोरांकडे वळून म्हणाले, “एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोनी कितीही सांगो का रुळावरून जवळ पडते, रुळावरून एक पाऊल चालाचं नाही. वळनावर गाडी दिसत नाही आन् पावसात आयकू येत नाही. मी तीस वर्षं चाललो, मले विचारा.” सहलीचा पहिला नियम असा तयार झाला.

धबधबा स्टेशनपासून पायी जाण्याजोगा आहे. वन विभाग आणि गावच्या समितीची तिथे व्यवस्था आहे, तिकीट काढून आत जायचे. वाट झाडीतून जाते. साग, ऐन, मोह, तेंदू, बांबू. तेंदूचे झाड आले तेव्हा अध्यक्षाबाई थांबल्या, मान वर केली आणि शेंड्यापर्यंत पाहिले. आम्हीही पाहिले. आजींचे वाक्य दोघांच्याही मनात होते, बोलले कोणीच नाही.

पाणी दिसण्याआधी ऐकू येते. आधी वाटते दूर कुठे मालगाडी चालली आहे. मग वळण घेतले की समोर कडा आणि कड्यावरून पांढरे पाणी. आदल्या रात्री पाऊस झाला होता, त्यामुळे ते नुसते पडत नव्हते, उसळत होते. खाली डोह, चहूकडे काळे-हिरवे दगड, अंगावर सतत बारीक तुषार. आम्ही चष्मा तीनदा पुसला आणि मग काढूनच ठेवला. चष्म्याशिवाय धबधबा पांढऱ्या धोतरासारखा दिसतो, पण ऐकू तेवढाच येतो. पंधरा-वीस मिनिटे आम्ही पाचही जण नुसते बसलो होतो. ऑफिसातले टेबल, विहाराचा स्लॅब, घरचे हप्ते, काही आठवले नाही. एवढ्यासाठी माणसे पैसे खर्च करून इतक्या दूर येतात, हे त्या दिवशी कळले.

आणि तेवढ्यातच एका पोराचा पाय घसरला. फोटोसाठी तो डोहाजवळच्या दगडावर गेला होता. दगडावर शेवाळ होते. तो डोहात गेला नाही, अलीकडेच आपटला, कोपर फुटले. पण आम्हाला जे कळायचे ते कळले. दुसरा पोरगा त्याला हाका मारीत होता आणि दहा पावलांवर बसलेल्या आम्हाला काहीही ऐकू आले नव्हते. धबधब्याच्या आवाजात माणसाचा आवाज बुडतो. काकांनी हात धरून त्याला वर आणले, अध्यक्षाबाईंनी पदर फाडायच्या ऐवजी पिशवीतून हळद आणि पट्टी काढली. बाई तयारीनिशी आल्या होत्या.

समितीच्या माणसाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती सगळ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या जंगलात पाऊस पडत असतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या की क्षणभरही थांबायचे नाही, सामान सोडून उंच जागेवर जायचे. लोक चप्पल आणायला परत जातात आणि जीव गमावतात.

तिथून कचारगड. धनेगाव हे पायथ्याचे गाव, मग पायी चढ. गावातल्या एका वयस्क गोंड बांधवाला वाट दाखवायला बरोबर घेतले. त्याने विचारले, “तुम्ही कोनाकडचे?” आम्ही म्हणालो, “भंडाऱ्याचे, बौद्ध.” त्याने हात जोडून “जय सेवा” म्हटले, आम्ही “जय भीम” म्हटले, आणि पुढचा सगळा चढ आम्ही जुन्या ओळखीची माणसे असल्यासारखे बोलत चढलो. धानाला भाव काय, युरिया मिळतो का, पोरगा काय शिकतो.

कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेला कोया पुनेमच्या यात्रेला इथे अनेक राज्यांतून लोक येतात. कोंडलेल्या मुलांना पहांदी पारी कुपार लिंगोने आणि जंगो रायताडने याच गुहेतून सोडवले, असे त्यांची परंपरा सांगते. आमच्या वाटाड्याने ती गोष्ट गुहेच्या तोंडाशी बसून सांगितली, पुस्तकातली नव्हे, आजीकडून ऐकलेली. गुहा एवढी मोठी की आत एखादी सभा भरावी. बाहेर कडा, आत अंधार आणि गारवा. तो पायातले काढून आत गेला. आम्हीही काढले.

परतताना कॉलेजच्या पोराने विचारले, सहलीच्या दिवशी इथे पंचशील ध्वज लावून त्रिशरण घ्यायचे काय? त्याचा हेतू चांगला होता. पण आम्ही नाही म्हणालो. ती जागा त्यांची आहे, तिथे त्यांचा सप्तरंगी झेंडा शोभतो. दुसऱ्याच्या जागेवर आपले नाव लिहिणारे आपण पुष्कळ पाहिले आहेत. पवनीसारख्या आपल्या टेकड्यांवर काय काय नावे चढली, ते आपणच बोलून दाखवतो. मग आपणच तसे कसे करायचे? त्रिशरण-पंचशील खाली धनेगावच्या वाटेवर, झाडाखाली, जेवणाआधी घ्यायचे. आणि वर गुहेत मुलांनी फक्त ऐकायचे. वाटाड्याच त्यांना गोष्ट सांगेल, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले. त्याचा मोबदलाही ठरवला, कारण फुकट काम करून घेण्याची रीत आपण मोडायची की पाळायची?

पाहून आलो, आणि मग खरे काम सुरू झाले. हिशेबाचे. भंडाऱ्याहून खासगी बस विचारली तर भाव ऐकून सगळे हसले. रेल्वेचे तिकीट, दरेकसा-धनेगाव-दरेकसा गाड्या, प्रवेशाचे तिकीट, वाटाड्या, औषधाची पेटी, चहा, सगळे धरून मोठ्या माणसाला दोनशे रुपये येतात. जेवण ज्याचे त्याने आणायचे. पोळ्या, कोरडी चटणी, लोणचे, मुर्रा-फुटाणे; रस्सा कोणी आणायचा नाही, डबे सांडतात. पण दोनशे रुपये एकदम काढणे चार-पाच घरांना कठीण, हे आम्हाला माहीत होते. त्यांना फुकट न्या असे एक जण म्हणाले. ते काही आम्हाला रुचले नाही. फुकट नेलेले लेकरू दिवसभर खाली मान घालून चालते. म्हणून दर रविवारी वाचनानंतर पंचवीस रुपये, असे आठ रविवार ठरवले. एक वही, एक डबा. कोणी पन्नास टाकले, कोणी दहा टाकले, वही आमच्याजवळ राहते आणि आकडे कोणाला दाखवले जात नाहीत. आठव्या रविवारी डबा उघडला तेव्हा एकशे दहा रुपये जास्त निघाले. बीकॉमच्या वर्गात असा ताळेबंद आम्हाला कोणी शिकवला नव्हता.

तारीख ठरवताना सप्टेंबरचा शेवटचा रविवार सोयीचा होता, पाऊसही ओसरलेला असतो. पण तो आम्ही सोडला. २९ सप्टेंबर २००६ ला आपल्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांची हत्या झाली. त्या आठवड्यात आमच्याकडे सहलीचे नाव निघत नाही. प्रियंका बारावीत होती. आता बारावीत असलेल्या पोरी तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, पण त्यांच्या आयांना सगळे आठवते. अनोळखी गावी पोरगी पाठवायची म्हटली की त्या आया नुसत्या पाण्याला भीत नाहीत. बैठकीत हे कोणी मोठ्याने म्हणाले नाही. फक्त एकीने विचारले, “धनेगावचे लोक कसे आहेत भाऊ?” आम्ही वाटाड्याची सगळी हकिगत पुन्हा सांगितली, जय सेवा आणि जय भीमसकट. मग ती म्हणाली, “मंग पाठवतो.” तिसरा रविवार नक्की झाला. ऑक्टोबर तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचाच.

नियम कागदावर लिहून विहारात लावले आहेत. रुळावरून चालायचे नाही. डोहात कोणीही उतरायचे नाही, पोहता येणाऱ्यानेसुद्धा नाही. दहा जणांमागे एक मोठा माणूस, त्याच्या गळ्यात शिट्टी. एक लांब शिट्टी म्हणजे जिथे आहात तिथे थांबा, तीन लहान म्हणजे सगळे परत. रबरी तळाचे बूट किंवा पट्ट्याची चप्पल, साधी स्लीपर चालणार नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आधी सांगावे, वस्तीत मापाची मिळते. कड्यांना आग्यामोहोळ असू शकते, म्हणून अत्तर नको, अगरबत्ती नको, विडी-सिगारेट तर नकोच. दारू घेतलेला माणूस दिसला तर त्याला गोंदियाहूनच परत पाठवायचे. या शेवटच्या नियमावर एक-दोघे कुरकुरले. कोण ते आम्ही लिहीत नाही, ते हे साप्ताहिक वाचतात. गुडघे दुखणाऱ्यांनी कचारगड चढायचे नाही, त्यांच्यासाठी खाली झाडाखाली बसायची व्यवस्था आहे. आजी मात्र येणार म्हणतात. त्यांना धबधब्यापर्यंत काका आणि दोन पोरे धरून नेतील.

हे सगळे झाले तरी एक घर आमच्याशी बोलत नव्हते. वस्तीतल्या एका मावशींचा मुलगा सात वर्षांपूर्वी मित्रांबरोबर वैनगंगेवर गेला तो परत आला नाही. एकोणीस वर्षांचा होता. सहलीचे नाव निघाल्यापासून मावशींनी रविवारचे वाचन सोडले. आम्ही दोनदा घरी गेलो. पहिल्यांदा त्यांनी दार उघडले, पाणी दिले आणि म्हणाल्या, “दुसऱ्याचे लेकरं घेऊन पान्याजवळ जाता. तुमाले झोप येते काय?” खरे सांगायचे तर त्या दिवसानंतर येत नव्हती. दुसऱ्यांदा आम्ही नियमांचा कागद घेऊन गेलो. त्यांनी तो वाचला नाही, घडी करून फोटोच्या चौकटीमागे ठेवला. सहल रद्द करावी की काय असे आमच्या मनात आले होते. अध्यक्षाबाई म्हणाल्या, रद्द केली तर पोरे आपली आपण जातील, चोरून जातील, शिट्टी न घेता जातील. तेही खरेच होते. तो मुलगाही घरी न सांगताच गेला होता.

मागच्या रविवारी शेवटची बैठक झाली. सत्तेचाळीस नावांची यादी आम्ही वाचून दाखवली. कोण कोणत्या गटात, कोणाच्या गळ्यात शिट्टी, कोणाजवळ औषधाची पेटी. यादी संपली तेव्हा मावशी दाराशी उभ्या दिसल्या. केव्हा आल्या होत्या कोणास ठाऊक. चप्पल काढून आत आल्या आणि आम्हाला विचारले, “गाडीत चढताना मोजाल?”

“हो, मोजू.”

“उतरताना?”

“उतरतानाही.”

“पान्याजवळून निघताना कोन मोजन?”

याचे उत्तर कागदावर नव्हते. आम्ही गटप्रमुख मोजतील असे काहीतरी म्हणालो. त्यांनी मान हलवली. “गटप्रमुख पानी पाह्यतीन. मी मोजतो. मले पानी पाहाचं नाही.” असे म्हणून त्यांनी वही मागितली. आम्ही दिली. भिंतीशी बसून त्यांनी प्रत्येक नावावर बोट ठेवत यादी वाचली, हळू, दोनदा. चार नावांसमोर घरचा फोन नंबर नव्हता, तो विचारून लिहून घेतला. सगळ्यात लहान कोण आहे ते विचारले. सात वर्षांची एक पोरगी निघाली, तिला जवळ बोलावून तिचे नाव पुन्हा तिच्याच तोंडून ऐकले.

मग आम्ही वहीत अठ्ठेचाळिसावे नाव लिहिले. डब्यात जे एकशे दहा रुपये जास्त निघाले होते, त्यात आम्ही नव्वद घालून त्यांचे पैसे भरणार होतो. त्यांनी ऐकले नाही. कमरेची पिशवी सोडून शंभराच्या दोन नोटा आमच्या हातात ठेवल्या आणि पावती मागितली.